आटे गेले!

गेल्या रविवारी सायलेन्सर बदलायला बसलो. बाईक सेकंडहँड, जुना सायलेन्सर गंजून भोक पडलेला. म्हटलं काम ते काय! हेडवरचे दोन नट काढायचे, पाइप ओढायचा, नवं गॅस्केट घालून नवा सायलेन्सर बसवायचा. पहिला नट निघाला. दुसऱ्याला पाना लावून जोर केला, तर नट, स्टड आणि हेडमधले ॲल्युमिनियमचे आटे, सगळंच हातात! सोमवारी ऑफिसला बसने.

मिस्त्रीकाकांनी स्टड बघितला आणि हसले. "साहेब, भोक आठ एमएमचं, स्टड अडीच सुताचा. आधीच्या कुणीतरी ठोकून बसवलाय."

अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी. डोळ्यांना फरक कळतच नाही. पण आठ एमएमच्या नेहमीच्या स्टडवर दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर, तर अडीच सुती व्हिटवर्थवर इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१ मिमी. पहिले एक-दोन फेरे छान जातात, मग अडकतं. आपण म्हणतो गंज असेल, आणि जोर लावतो. मऊ ॲल्युमिनियम बिचारं कापलं जातं.

आता ही दोन मापं आली कुठून? पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनीअरने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, सरासरी काढली आणि ५५ अंशांचा एकच आटा सुचवला. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स म्हणाला, ५५ नको, ६० अंश. कापायला आणि तपासायला सोपा. झालं, दोन स्टँडर्ड! युरोपात मेट्रिक आटे वेगळेच.

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. पॅकार्ड कंपनी अमेरिकेत ब्रिटिश मर्लिन विमान इंजिनं बनवत होती. त्यांनी ब्रिटिश आटे तसेच ठेवले, आणि त्यासाठी लागणारे टॅप-डाय स्वतःच बनवले. शेवटी १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एका आट्यावर आले. ६० अंशांच्या.

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जुळायला लागली, डिझाइन इंग्लंडचं, आटेही तिकडचेच. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मेट्रिकचा कायदा आला. कायदा बदलला म्हणून मिस्त्रीच्या डब्यातले जुने स्टड थोडेच बदलतात? त्यातलाच एक माझ्या हेडमध्ये गेला असणार.

इलाज? काकांनी भोक थोडं मोठं केलं, त्यात टॅप मारला आणि स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं, म्हणजे हेलिकॉइल, बसवलं. आत पुन्हा आठ एमएमचे आटे, आणि आधीच्या ॲल्युमिनियमपेक्षा टणक! मग नवं गॅस्केट, आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

आपण ऑफिसात दोन सिस्टिम 'जवळपास' जुळतात म्हणून रेटतो ना, तेव्हा हा स्टड आठवायचा. अजिबात न जुळणारी गोष्ट निदान आत तरी जात नाही. घात करते ती जवळपास जुळणारी.

असो. नवा स्टड हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत जायला हवा. नाही गेला तर थांबा, आणि काकांना विचारा.