अर्धा औंस छर्रे

लहानपणी आमच्या गावात एका काकांकडे पिकाच्या राखणीसाठी बारा बोअरची बंदूक होती. नेम चुकला की काका बंदुकीला बोल लावत. ‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे मात्र मला फार उशिरा कळले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक! वीस आणि अठ्ठावीस बोअर त्याहून लहान. सर्वांत लहान ‘फोर-टेन’ला मात्र बोअरचे माप नाही, तिच्या नळीचा व्यासच 0.410 इंच.

या लहान बंदुकांना मान मिळाला तो अमेरिकेतल्या ‘स्कीट’ या खेळात. 1920 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाचे शिकारी मित्रांसह उडत्या तबकड्यांवर सराव करीत. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे वर्तुळावर उभे राहून ते नेम धरत. पुढे शेजारी कोंबड्या पाळल्या गेल्या आणि त्या दिशेला छर्रे उडवणे अशक्य झाले. मग वर्तुळाचे अर्धवर्तुळ केले आणि समोरासमोर दोन यंत्रे बसवली. 1926 मध्ये एका मासिकाने खेळाला नाव सुचवण्याची स्पर्धा घेतली. शंभर डॉलरचे बक्षीस मोंटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट यांना मिळाले.

बारा बोअरच्या काडतुसात सव्वा औंसाच्या आसपास छर्रे मावतात. स्कीटमध्ये फोर-टेनला मिळतो फक्त अर्धा औंस. छर्ऱ्यांचा फवारा विरळ, म्हणून चूक लगेच उघडी पडते. 1933 मध्ये विंचेस्टर कंपनीने खास फोर-टेनसाठी ‘मॉडेल 42’ ही पंप बंदूक आणली. ती 1963 पर्यंत बनत होती.

पंप बंदुकीत खरी कसोटी लागते जोडबारात. दोन्ही यंत्रांतून एकाच क्षणी तबकड्या सुटतात. पहिली फोडायची, नळीखालचा लाकडी दस्ता मागे ओढायचा, की रिकामे काडतूस बाहेर. पुढे ढकलायचा, की नवे आत. तोवर दुसरी तबकडी निसटू पाहते. हाताने घाई केली तर नेम हलतो, ढिलाई केली तर वेळ जातो.

पुढे एकावर एक नळ्या असलेल्या दुनळी बंदुका आल्या. त्यांच्या नळ्यांत बारीक नळ्या बसवून एकच बंदूक चारही मापांना चालू लागली. दस्ता ओढण्याची गरजच राहिली नाही. स्पर्धेत पंप मागे पडली, यात नवल नाही. तरी काही जण अजून हौसेने तीच हातात धरतात.

फोर-टेनने शंभरापैकी शंभर तबकड्या फोडणारे नेमबाज होऊन गेले आहेत. ते कळले तेव्हा मला काका आठवले. अर्ध्या औंसात जे जमते, ते बारा बोअरला का जमू नये? मग बंदुकीला बोल लावण्याची सोयच उरत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)