सासरे पंतप्रधान, प्रश्न जावयाचा

तारीख १६ डिसेंबर १९५७. लोकसभेत फिरोज गांधी बोलायला उभे राहतात. खासदार काँग्रेसचेच, त्यातून पंतप्रधान नेहरूंचे जावई. आणि बोलणार कशावर? तर आपल्याच सरकारच्या एलआयसीवर!

एलआयसी स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तेवढ्यात तिने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर्स घेतले, तेही गुंतवणूक समितीला न विचारता. पैसा कोणाचा? हप्ते भरणाऱ्या साध्या माणसांचा. सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला, तेव्हा उत्तर गोलमोल मिळालं होतं. फिरोज यांनी मात्र पिच्छा सोडला नाही.

मग मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. गर्दी एवढी, की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले! फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

इतपत बऱ्याच जणांना माहीत असतं. मला भारी वाटतं ते पुढचं. खासदाराला सभागृहात बोलायला संरक्षण होतं. पण तेच शब्द छापले तर पेपरवर खटला होऊ शकायचा. ही अडचण दूर करणारा कायदा १९५६ मध्ये आला, तो फिरोज यांच्याच खाजगी विधेयकातून. म्हणून तर त्यांचं हे भाषण पेपरांना बिनधास्त छापता आलं.

१९६० मध्ये फिरोज गेले. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला. सरकार होतं त्यांच्या पत्नीचं, इंदिरा गांधींचं. १९७७ मध्ये जनता सरकारने तो परत आणला.