पाठीवरची कॉफी

१९९८ सालच्या नोव्हेंबरची १७ तारीख. त्या रात्री सिंह राशीतून मोठा उल्कावर्षाव होणार, असे वर्तमानपत्रांतून बरेच दिवस छापून येत होते. टेम्पल-टटल हा सुमारे ३३ वर्षांनी येणारा धूमकेतू त्याच वर्षी सूर्याजवळून गेला होता, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. मी तेव्हा दहावीत होतो. कवठे महांकाळ तालुक्यातली आम्ही पंधरा-सोळा मुले आणि आमचे विज्ञानाचे सर असे दंडोबाच्या डोंगरावर मुक्कामाला गेलो. सिंह रास मध्यरात्रीनंतर उगवते. तोवर जागे राहायचे म्हणून कॉफी करायची ठरली. ती जबाबदारी माझ्याकडे होती.

मी घरून पितळी स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पातेले, कॉफीची पूड, साखर, गाळणे असे सगळे आठवणीने नेले. फक्त स्टोव्हची पिन विसरलो. बर्नरचे छिद्र बुजले आणि स्टोव्ह काही केल्या पेटेना. मग तीन दगड मांडून, काटक्या गोळा करून चूल पेटवली. वारा होता. एक ठिणगी उडाली आणि हातभर अंतरावरचे वाळलेले कुसळी गवत पेटले. ओली पोती आणि डहाळ्या घेऊन आम्ही ते वीसेक मिनिटे झोडपत होतो. आग विझली, कोणाला इजा झाली नाही. पण एवढ्या वेळात आकाशाकडे कोणीच पाहिले नव्हते, आणि ज्वाळांकडे बघून दिपलेल्या डोळ्यांना पुढे बराच वेळ अंधुक उल्का दिसल्याही नाहीत.

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "काय आणायचं याची यादी तू चांगली केली होतीस. काय घरी ठेवायचं, याचा विचार केला नाहीस."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. पुढे कॉफीचा इतिहास वाचताना लक्षात आले की प्रवासात कॉफी करण्याच्या साधनांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. घरी काय ठेवून निघायचे?

एका पेल्यामागची कामे

कॉफीचा एक पेला तयार होण्यासाठी चार कामे व्हावी लागतात. हिरवट दाणे भाजणे, ते दळणे, पाणी तापवणे आणि शेवटी चोथा वेगळा करणे. घरात ही कामे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी होतात म्हणून ती जाणवत नाहीत. घराबाहेर पडले की प्रत्येक कामाचे वजन पाठीवर येते.

अरबस्तानातले बदाउनी लोक ही चारही कामे तंबूत करत. त्यांच्याजवळ दाणे भाजायची लांब दांड्याची पळी, कुटायचा खल आणि चोचीची कॉफीची किटली असे. पाहुण्यादेखत दाणे भाजणे आणि खलबत्त्याचा आवाज होणे हा आदरातिथ्याचाच भाग होता. ओझे वाहायला उंट होता आणि घाई नव्हती. त्यामुळे काहीही घरी ठेवायची गरज नव्हती. किंबहुना घरच बरोबर होते.

माणूस एकटा, पायी आणि घाईत असला म्हणजे हे जमत नाही. सैनिक नेमका असाच माणूस.

सैनिकाचा टमरेल

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) उत्तरेकडच्या सैन्याच्या शिध्यात शंभर माणसांमागे रोज दहा पौंड हिरवी कॉफी किंवा आठ पौंड भाजून दळलेली कॉफी देण्याचा नियम होता. हे दोन आकडे वेगळे का, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. भाजताना दाण्यातले पाणी निघून जाते, काही पदार्थांचे वायू होतात आणि वजन साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटते. दहाचे आठ कसे होतात ते यातून कळते. म्हणजे भाजण्याचे काम मागे ठेवले तर ओझे आपोआप पाचव्या हिश्शाने कमी होते.

तरीही अनेक सैनिकांना दळलेल्या पुडीपेक्षा अख्खे दाणे बरे वाटत. दाणा डोळ्यांना दिसतो, पुडीत काय मिसळले आहे ते दिसत नाही. ते दाणे बंदुकीच्या दस्त्याने ठेचत, पत्र्याच्या टमरेलात पाण्याबरोबर उकळत आणि चोथा खाली बसला की वरचे पीत. गाळण्याचे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवले होते.

याच युद्धात कॉफी, दूध आणि साखर आटवून केलेला 'कॉफीचा अर्क' सैन्याला देऊन पाहण्यात आला. त्यात फक्त गरम पाणी घालायचे होते. कल्पना काळाच्या पुढची होती, पण तो दाट काळा गोळा दिसायला गाडीच्या वंगणासारखा आणि चवीला वाईट. सैनिकांनी तो नाकारला.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मागे ठेवलेले काम नाहीसे होत नाही, ते दुसरा कोणीतरी करतो. ओझे हलके होते, पण त्या दुसऱ्यावर विश्वास टाकावा लागतो.

वडी आणि पूड

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या पेस्तनजी एडलजी यांची 'पोलसन' कॉफी प्रसिद्ध होती. तीत चिकोरी मिसळलेली असे आणि ती 'फ्रेंच कॉफी' म्हणून विकली जाई. पुढे हेच नाव लोण्यामुळे घरोघर पोचले. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. तिने रंग येतो, कडवटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन नसते. सांगून मिसळली तर ते मिश्रण आणि लपवून मिसळली तर ती भेसळ. भारतात आज कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण वेष्टनावर छापावे लागते.

मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर ते 'कॉफीच्या वड्यां'ची आठवण सांगतील. साखर आणि कॉफी एकत्र करून पाडलेली ही लहानशी वडी. गरम दुधात टाकली, ढवळली, आवडत असेल तर वर जायफळ किसले की कॉफी तयार. भाजणे, दळणे, गाळणे, इतकेच काय साखर मोजणेसुद्धा दुकानापलीकडे ठेवलेले. खिशात मावणारी कॉफी म्हणतात ती आपल्याकडे अशी होती.

जगात याच दिशेने मोठे काम चालू होते. शिकागोत राहणारे जपानी रसायनतज्ज्ञ सातोरी काटो यांनी १९०१ साली बफेलो येथील प्रदर्शनात पाण्यात विरघळणारी कॉफी लोकांना पाजली. पुढे ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात कॉफीचे पीक इतके झाले की भाव टिकवण्यासाठी पोतीच्या पोती जाळली जात होती. हे पीक टिकवायचे कसे, या प्रश्नावर नेस्ले कंपनीत माक्स मॉर्गेनथालर यांनी अनेक वर्षे काम केले आणि १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये 'नेसकॅफे' बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात विरघळणारी कॉफी सैनिकांच्या शिध्यात गेली आणि तिथून सर्वत्र.

वजनाचा फरक पाहा. एका पेल्याला आठ ग्रॅम साधी पूड लागत असेल, तर तिच्यातला जेमतेम पाचवा भाग पाण्यात उतरतो. उरलेला चोथा आपण डोंगरावर वाहून नेतो आणि परत आणतो (निदान आणायला हवा!). विरघळणारी पूड मात्र पेल्याला दीड-दोन ग्रॅम पुरते.

चव हा अर्थातच वेगळा मुद्दा. काउंट रम्फर्ड हे नाव शिक्षकांना तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेच्या १७९८ सालच्या निबंधामुळे माहीत आहे. याच रम्फर्डने १८१२ साली कॉफीवरही निबंध लिहिला. कॉफी उकळत ठेवली की तिचा सुवास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून उकळी न आणता गरम पाणी पुडीतून झिरपू द्यावे, असे त्याचे म्हणणे. १९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ यांनी काढलेला कागदी गाळा, दक्षिण भारतातला पितळी फिल्टर आणि २००५ साली ॲलन ॲडलर यांनी बाजारात आणलेली, हाताने दाबायची प्लॅस्टिकची नळी, ही सगळी रम्फर्डच्याच वाटेवरची साधने.

१८९२ : आग नेणे आणि ऊब नेणे

आता उरले पाणी तापवणे. या कामाच्या इतिहासात १८९२ हे वर्ष विलक्षण आहे. त्या वर्षी दोन वस्तू जगापुढे आल्या, आणि दोघींचे तत्त्व एकमेकींच्या उलट होते.

पहिली स्टॉकहोममधली. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वात नसलेला, हवेच्या दाबावर चालणारा 'प्रायमस' स्टोव्ह बनवला. काकड्याने बर्नर आधी तापवायचा, पंप मारायचा; दाबाने वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या नळीत वाफ होते, ती बारीक छिद्रातून वेगाने निघते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. काजळी जवळजवळ नाही. नान्सेन १८९५ साली आपले जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्या घसरगाडीवर हा स्टोव्ह होता. निसटणारी गरम हवा भांड्याभोवती फिरवून तिच्यावरही बर्फ वितळवायची सोय त्याने केली होती. कारण उघड आहे. एक किलो बर्फाचे शून्य अंशावरचे पाणी करायलाच ३३४ किलोज्यूल लागतात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होता. आणि आपल्या स्वयंपाकघरात तर तो दोन-तीन पिढ्या घरचाच झाला.

दुसरी वस्तू लंडनमधली. जेम्स ड्यूअर यांना द्रवरूप वायू थंड ठेवायचे होते. त्यांनी दुहेरी भिंतीची काचेची बाटली केली आणि भिंतींमधली हवा काढून टाकली. जी बाटली उष्णता आत येऊ देत नाही ती बाहेरही जाऊ देत नाही. १९०४ साली जर्मनीत तिचाच 'थर्मास' झाला.

स्टोव्हमुळे आग बरोबर नेता येते. थर्मासमुळे आग घरी ठेवून नुसती ऊब नेता येते.

थोडा हिशेब

चाळीस मुलांना दीडशे मिलिलिटरचा एकेक पेला द्यायचा तर सहा लिटर पाणी हवे. एक लिटर पाणी २५ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. म्हणजे एकूण साधारण १,७६० किलोज्यूल.

एक ग्रॅम सुके लाकूड जळून सुमारे १५ किलोज्यूल देते. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर वाऱ्यात त्यातला दहावा भागच पातेल्याला मिळतो असे धरू. मग सव्वा किलोच्या आसपास लाकूड लागेल. एक ग्रॅम रॉकेल ४३ किलोज्यूल देते आणि आडोशाला ठेवलेल्या स्टोव्हवर निम्मी उष्णता कामी येते असे धरले, तर ८० ते ८५ ग्रॅम रॉकेल पुरते.

सव्वा किलो लाकूड ही फार मोठी गोष्ट नव्हे, असे वाटेल. पण आपला तालुका अवर्षणाचा. डोंगरावरची झाडे वन विभागाने आणि गावकऱ्यांनी कष्टाने वाढवलेली, पावसाळा संपला की गवत वाळलेले आणि वारा असा की ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. इथे प्रश्न लाकडाच्या वजनाचा नाही, ठिणगीचा आहे.

उंचीची काळजी मात्र महाराष्ट्रात करू नये. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. कळसूबाईच्या शिखरावर (१,६४६ मीटर) पाणी ९४-९५ अंशांना उकळते, आणि कॉफीला ९० ते ९६ अंशांचे पाणी उत्तम. एव्हरेस्टच्या वाटेवर आठ हजार मीटरजवळ ते ७४ अंशांच्या आसपास उकळते. तिथे विरघळणारी पूडच बरी.

मग काय न्यावे?

एक दिवसाची किंवा एका रात्रीची सहल असेल तर आग घरी ठेवावी. पायथ्याच्या गावात पाणी उकळून थर्मासमध्ये भरावे, बरोबर विरघळणारी कॉफी, साखर आणि दुधाची पूड. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा आणि तोंडापर्यंत भरावा. अनेक दिवसांचा मुक्काम असेल तर गॅसचा छोटा स्टोव्ह, वाऱ्याला आडोसा आणि पायाखाली दोन हात गवत साफ केलेली जागा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणून आपल्याकडच्या थंडीत तो बिनतक्रार चालतो. हिमालयात प्रोपेन मिसळलेला लागतो. चवीचा शौक असेल तर हलका कागदी गाळा न्यावा आणि चोथा पिशवीत परत आणावा. १९३३ सालापासून इटलीत चाललेली बियालेत्तींची ॲल्युमिनियमची 'मोका' किटली सुंदर कॉफी करते, पण तिला चूल हवीच.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. एक, थर्मास एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा भरून दर तासाला तापमान नोंदवा आणि आलेख काढा. दोन रेषा वेगळ्या का जातात, ते मुलांना सांगू द्या. दुसरा, काचेच्या पेल्यातल्या थंड पाण्यावर चिमूटभर कॉफीची पूड अलगद टाका. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरी लवकर खाली जाते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघ सोडते. दुसऱ्यावर सोपवलेल्या कामाची तपासणी अशी करता येते.

गेल्या डिसेंबरात मी काही शिक्षकांबरोबर आणि मुलांबरोबर पुन्हा दंडोबावर गेलो होतो. मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहायचा होता. सहा थर्मास होते, काडेपेटी नव्हती. दोनच्या सुमाराला कॉफी दिली तेव्हा पेल्यातून वाफ येत होती. एका मुलीने विचारले, "सर, इथंच चूल पेटवली असती तर मजा आली नसती का?" मी म्हटले, "आली असती. पण मग वर कोणी पाहिलं असतं?"