नजरेसमोरची शर्यत

आमच्या भागातल्या सायकलची गोष्ट बेळगावच्या एका दुकानापासून सुरू होते. 1888 च्या सुमाराला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांच्या साथीनं तिथं सायकली विकायला आणि दुरुस्त करायला घेतल्या. पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, आणि 1910 मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळाची जमीन दिली तेव्हा सगळा पसारा तिकडं हलला. तीच किर्लोस्करवाडी. तेव्हा सातारा आणि सांगली असे वेगळे जिल्हे नव्हते. 1949 साली दक्षिण सातारा झाला, 1960 मध्ये त्याचं सांगली झालं. म्हणून कऱ्हाडच्या आणि पलूसच्या पोरी एका संघातून पळाल्या तर मला त्यात दोन जिल्हे दिसतच नाहीत.

याच वाडीतून 1930 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढलं. सायकलीच्या दुकानातून उभं राहिलेलं घराणं, माळावरचा कारखाना, आणि तिथून बायकांसाठी छापलेलं मासिक घरोघर जातंय, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. माझ्या आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक होते. ती ते पुन्हा पुन्हा वाचायची. त्याच आजीनं माझ्या आईला सायकलला हात लावू दिला नाही. वाचणारी पोरगी घरात बसून वाचते. सायकलवर बसलेली पोरगी वळणापलीकडं गेली की दिसत नाही. आजीची अडचण एवढीच होती, आणि गावात ती सगळ्यांचीच होती.

पुरुषांच्या शर्यतीला ही अडचण कधी आली नाही. मुंबई-पुणे शर्यत म्हणजे आमच्याकडच्या सायकलवाल्यांची पंढरी. बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. सांगलीच्या सायकलपटू हुसेन कोरबूंचं नाव दुकानादुकानांत आदरानं घेतलं जायचं. सकाळी निघालेला गडी दिवसभर दिसला नाही तरी घरचे निवांत असत. तो परत आला की सगळा घाट तोंडानं सांगायचा आणि घर ऐकायचं.

गोल फिरणारी सायकल मात्र आम्ही फार आधीपासून बघत होतो. मी शाळेत असताना गावच्या मैदानात एक माणूस यायचा आणि सात दिवस, सात रात्री सायकलवरून उतरायचा नाही. तो सायकलवरच जेवायचा, अंघोळही तिथंच. रात्री दिवे लावून, कर्ण्यावर गाणी लावून चक्कर चालू असे. जेवणं आटोपली की बायका कडेवरची पोरं घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसायच्या. जत्रेत कुस्त्या आणि बैलगाड्यांबरोबर सायकलची शर्यत लागायची, तीही पुष्कळदा गावाला फेऱ्या मारायचीच. बायकांनी सायकल शर्यत पाहिली ती अशी, दारात उभं राहून. बायकांच्या शर्यतीला आमच्याकडं वाट मिळाली ती या फेऱ्यांतून, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी तयारी शाळेच्या रस्त्यावर झाली. हायस्कूल शेजारच्या गावात, आणि आम्ही मुली सायकलवरून घोळक्यानं जायचो. वारा समोरून असला की धट्टीकट्टी असेल ती पुढं, बाकीच्या तिच्या आडोशाला. ती दमली की बाजूला व्हायची, दुसरी पुढं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या चाकामागं राहिलं की जोर पुष्कळ कमी लागतो, यावर साऱ्या जगातल्या संघांचे डाव उभे आहेत. आम्ही ते दप्तर कॅरिअरला लावून करत होतो.

जगातही बायकांना रस्ता उशिराच मिळाला. महिलांची पहिली जागतिक रस्ता शर्यत 1958 साली फ्रान्समधल्या रँसला झाली, लक्झेंबर्गची एल्सी जेकब्स जिंकली. ऑलिंपिकमध्ये पुरुष 1896 पासून सायकल पळवत होते, बायकांची रस्ता शर्यत आली 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला. म्हणजे माझी आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा ऑलिंपिकमध्येही बाई सायकलवर नव्हती.

अशा फेऱ्यांच्या शर्यतीला तिकडं क्रिटेरियम म्हणतात. म्हणजे गावातला एक-दोन किलोमीटरचा रस्ता बंद करून त्यावर मारलेल्या फेऱ्या. शेवटच्या फेरीला घंटा. बेल्जियम-हॉलंडच्या गावांतून टूर द फ्रान्स संपल्यावर अशा शर्यती लागतात, आणि टीव्हीवरचे स्वार लोकांना घरासमोर बघायला मिळतात. आम्ही पळालो तेव्हा तिला नुसती ‘फेऱ्यांची’ म्हणायचो. मार्च महिना, उसाचा हंगाम संपत आलेला. आमचा हंगामही तेव्हाच संपायचा, कारण पुढं परीक्षा आणि मग ऊन.

आमच्या संघात आम्ही तिघी होतो. एक माणची. तिकडची माती कोरडी आणि वारा आडवा, तिला दमायचं माहीतच नव्हतं. तिच्या शेजारच्या मोही गावची ललिता बाबर पुढं ऑलिंपिकला धावली तेव्हा मला नवल वाटलं नाही. दुसरी तासगावकडची, द्राक्षवाल्यांची, शेवटच्या शंभर-दोनशे मीटरला सुसाट. आणि मी. सायकली गिअर नसलेल्या. मडगार्ड, स्टँड, चेनकव्हर काढून ठेवलेलं, दुकानदारानं रिमचा आऊट काढून ठासून हवा भरून दिलेली.

रस्ता असा: बाजाराचा चौक, बँकेचा कोपरा, शाळेची भिंत, परत चौक. बँकेच्या कोपऱ्यावर आदल्या रात्री ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस चाकांखाली चिरडून रस्त्याला चिकटला होता. वर पाचट. पहिल्या फेरीतच तिथं दोघी घसरल्या. समोरचा चहाच्या टपरीवाला खराटा घेऊन आला आणि आम्ही पलीकडं गेलो की झाडायचा, परत आलो की मागं सरायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. चौथ्या-पाचव्या फेरीला त्यानं टपरीतली राख आणून टाकली, आणि मग कोपरा धरायला लागला. वळताना आतलं पायडल वर, बाहेरून आत शिरायचं आणि बाहेर निघायचं. आत झुकलेल्या पायडलचा रस्त्याला घासल्याचा आवाज मला अजून ओळखता येतो.

माणची पुढं राहून वेग इतका चढा ठेवत होती की कुणाला सुटून जायला जागाच मिळेना. घंटा झाली तशी ती बाजूला झाली. “जा आता, मी मागं कुणाला येऊ देत नाही,” म्हणाली. बँकेच्या कोपऱ्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत वारा माझ्या अंगावर आणि तासगावची माझ्या चाकाला चिकटून. भिंत संपली तशी ती उजवीकडून निघाली. ती दुसरी आली, कोल्हापूरकडच्या एका मुलीनं तिला चाकाभरानं मागं टाकलं. मी कितवी आले ते महत्त्वाचं नव्हतं, माझं काम भिंतीपाशीच झालं होतं.

त्या दिवशी आई बघायला आली होती. ती चौकात बायकांत उभी होती. प्रत्येक फेरीला कानावर पडत होतं, “ही कुणाची गं?” आणि उत्तर, “ती पाटलांच्या थोरल्याची. पुढची आपली न्हवं, माणदेशी हाय.” पहिल्या फेऱ्यांत आवाजात चौकशी होती, शेवटी शेवटी त्या बायका “मागं बघू नको, पळ!” म्हणून ओरडत होत्या. दर तीन मिनिटांनी मुलगी परत समोर येत होती. घाटातल्या शर्यतीत हे कधीच झालं नसतं. आईनं दुसऱ्या वर्षी आजीला सोबत आणलं, आणि आजीनं खुर्ची मागितली.

आज मी ज्यांचा सराव घेते त्या मुलींकडं कार्बनच्या सायकली आहेत, महिलांची खेलो इंडिया लीग आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं 2020 ला गुवाहाटीच्या खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलींनी तिचं पेपरातलं चित्र वर्गाच्या दाराला लावलं. पण सरावाचा रस्ता तोच आहे, आणि ऊस कितीतरी वाढलाय. नोव्हेंबर ते मार्च पहाटेच्या अंधारात मागं दिवा नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांमधून मी मुलींना सोडत नाही. त्या शाळेच्या मैदानाला आणि मागच्या आळीला फेऱ्या मारतात. आळीतल्या बायका सडा टाकायच्या आधी त्यांची वाट बघतात, कारण ओल्या रस्त्यावर चाक घसरतं हे त्यांना आता ठाऊक झालंय.