मुंबईची भटकी कुत्री आणि हद्दपारीचा इतिहास

भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी मुंबईने आजवर तीन उपाय करून पाहिले: मारणे, उचलून दुसरीकडे नेणे आणि आहे त्याच गल्लीत त्यांची पैदास थांबवणे. पहिले दोन उपाय पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालले, तिसऱ्याला जेमतेम तीस वर्षे झाली आहेत. दुसरा उपाय दिसायला सर्वांत सौम्य. मारायचेही नाही आणि दारात ठेवायचेही नाही, असा तो तोडगा आहे. म्हणूनच तो दर पिढीत नव्याने सुचवला जातो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा होती. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती हे त्यामागचे कारण. 1832 साली ही मुदत वाढवण्यात आली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. अर्धा रुपया ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. मारेकऱ्यांनी मग बेवारस आणि पाळीव असा भेद ठेवला नाही; लोकांच्या दारातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. 6 जून रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटातल्या रस्त्यांवर जमाव जमला आणि त्याने दोन गोऱ्या पोलीस शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. त्यात पारशांबरोबर जैन, हिंदू आणि इस्माइली मुसलमान व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवण्यात आली, शेवटी लष्कर बोलवावे लागले आणि धरपकड झाली.

पारशी समाज कुत्र्यांसाठी एवढा पेटून उठला याला धर्माचा आधार होता. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणे हा मोठा अपराध मानला आहे, आणि अंत्यविधीतल्या ‘सगदीद’ या संस्कारात मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. जैन आणि वैष्णव महाजनांसाठी हा जीवदयेचा प्रश्न होता. दंगल शमल्यावर सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या शेठियांनी सरकारकडे अर्ज केले. कुत्री मारू नयेत, शहराबाहेर न्यावीत, अशी तडजोड निघाली. भटक्या कुत्र्यांची हद्दपारी हा मुंबईच्या कारभाराचा भाग झाला तो इथून.

बाहेर न्यायचे म्हटले तर ठेवायचे कुठे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याला गुजरातेतल्या जुन्या प्रथेने उत्तर दिले. खंबायतला लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी इस्पितळे असल्याचे राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. तीच रीत व्यापाऱ्यांबरोबर मुंबईत आली. 1834 साली जमशेटजी आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ सुरू झाली. कापूस, अफू अशा मालाच्या व्यवहारावर व्यापाऱ्यांनी आपणहून लागा बसवला आणि त्यातून संस्थेचा खर्च भागू लागला. सुरुवातीचा हेतू कुत्र्या-डुकरांना आसरा देण्याचा असला, तरी पुढे पांजरापोळीची ओळख गाईगुरांची म्हणूनच राहिली. यात आश्चर्य नाही. गाई दावणीला शेजारी-शेजारी उभ्या राहतात. वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली कुत्री एका आवारात घातली की पहिल्याच रात्री एकमेकांना फाडतात.

पुढे 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत संस्था निघाली, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वाट्याला मात्र पालिकेची गाडीच आली. महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात विजेचा धक्का देऊन त्यांना मारले जाई. मद्रासमध्येही 1860 पासून कुत्री पकडून मारणे चालले होते. तिथे मारलेल्या कुत्र्यांची संख्या पुढे इतकी वाढली की त्यांच्या कातड्यापासून नेकटाय आणि पाकिटे करता येतील का, याचे प्रयोग सरकारी चर्मसंशोधन संस्थेने केले.

दयाळू मंडळी आणि पालिका यांच्या या ओढाताणीत गांधीजींनी 1926 साली भलतीच बाजू घेतली. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठ कुत्री मारवली तेव्हा गांधीजींनी त्यांचे समर्थन केले आणि वादळ उठल्यावर लेखमाला लिहून आपले म्हणणे मांडले. बेवारस कुत्रे ही समाजासाठी लाजिरवाणी गोष्ट आहे, जबाबदारी न घेता नुसता तुकडा टाकणे ही दया नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कुत्री मारण्याबद्दल त्यांच्याशी कोणी सहमत असो वा नसो, तुकडा टाकणाऱ्यांवरचे बोट त्यांनी अचूक ठेवले होते.

मारून आणि हलवून कुत्री का कमी होत नाहीत, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होत गेले. एखाद्या गल्लीत किती कुत्री जगतील हे तिथला कचरा, मटणाच्या दुकानामागचा टाकाऊ माल आणि लोक घालतात ते अन्न यांवर ठरते. तिथली चार कुत्री उचलली तरी अन्न तसेच राहते. शेजारच्या गल्लीतली येतात आणि उरलेल्या माद्यांची पिल्ले जास्त वाचतात. मादी सुमारे 63 दिवसांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले सहज देते. उचललेली कुत्री जिथे सोडली जातात तिथे मारामाऱ्या वाढतात. शिवाय रेबीजचा विषाणू अंगात आठवडे, कधी महिने, लक्षणांवाचून राहू शकतो, म्हणजे गाडीतून रोगही प्रवास करतो. नुसती कुत्री हटवून त्यांच्या संख्येवर किंवा रेबीजवर टिकाऊ परिणाम होत नाही, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या मार्गदर्शिकेत नोंदवला.

मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिकल्याण संस्थेने 1964 पासूनच नसबंदीचा आग्रह धरला होता. तिथल्या महापालिकेने तो 1996 मध्ये मान्य केला. मुंबईत 1994 मध्ये मारणे थांबले आणि नसबंदी सुरू झाली. 2001 च्या केंद्रीय नियमांनी ती देशभर लागू केली. या पद्धतीत पत्त्याला फार महत्त्व आहे. जाळे टाकून कुत्रे पकडले की कोणत्या रस्त्यावरून उचलले ते लिहून घेतात आणि गळ्यात क्रमांक अडकवतात. शस्त्रक्रिया होते, रेबीजची लस टोचतात, बेशुद्धीतच कानाला खाच पाडतात. जखम भरली की त्याच रस्त्यावर परत सोडतात. ते कुत्रे आपली हद्द राखते, नव्याला शिरू देत नाही आणि पिल्लेही वाढवत नाही. गाडीवाल्याने कंटाळून दोन वॉर्ड अलीकडेच ते सोडले, तर खर्च होऊनही हा फायदा हातचा जातो.

प्राण्यांची वाहतूक सर्वत्र फसते असे मात्र नाही. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांतली निवाराघरे भरून वाहतात, तर ईशान्येकडच्या निवाराघरांत पिंजरे रिकामे असतात. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर दक्षिणेतली कुत्री ट्रक आणि विमानांनी उत्तरेकडे नेण्याला मोठी गती आली. त्यांच्याबरोबर हृदयातल्या जंताचा रोगही गेला. ही वाहतूक चालते, कारण उत्तरेत अनेक वर्षांच्या नसबंदीमुळे पिल्लांची टंचाई आहे आणि पलीकडे घर वाट पाहत आहे. मुंबईतून उचललेल्या कुत्र्यासाठी कल्याण किंवा वसईत असे घर वाट पाहत नाही.

गोव्यात वाद न्यायालयात गेला. उपद्रवी कुत्री मारता येतील, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने डिसेंबर 2008 मध्ये बहुमताने दिला. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. पुढे गोव्याने वाड्यावाड्यांत फिरून सामूहिक लसीकरण केले आणि 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर होणारे ते पहिले राज्य ठरले. कुत्री होती तिथेच राहिली.

मुंबईचा हिशेब इतका चोख नाही. 2014 च्या गणनेत शहरात 95,172 भटकी कुत्री होती, 2024 मध्ये 90,757. दहा वर्षांत पाच टक्केही घट नाही, हे नसबंदीच्या समर्थकांना मान्य करावेच लागेल. दरवर्षी पुरेशा माद्या हाती लागल्या नाहीत आणि कचरा रस्त्यावरच राहिला. तरी दशकभरात वस्ती आणि कचरा वाढत असताना संख्या वाढली नाही, एवढे श्रेय नसबंदीला द्यावे लागते.

11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्यापुरता नियम पुन्हा उलटा झाला. तिथून पकडलेली कुत्री नसबंदीनंतरही तिथे सोडायची नाहीत. त्यांच्यासाठी निवारे उभे करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आली.