पिकअपसाठी शॉकअप निवडताना: आधी भार, मग रस्ता, शेवटी ब्रँड

बेळगावची भाजी गोव्याला जाते. चंदगड आणि सत्तरीच्या काजूबागांतून माल बाहेर काढायचा तर अर्धी वाट कच्चीच असते. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा म्हटलं की वळणं, पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि मागच्या हौद्यातला माल, या तिन्हींचा मार गाडीच्या शॉकअपवर येतो. शिवाय इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स अशा फोर-बाय-फोर पिकअप घेऊन हौसेनं डोंगरात जाणारेही आता वाढलेत. शॉकअप बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या कंपनीचा टाकू?’ हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी काय काय पाहायचं, ते या लेखात क्रमानं दिलं आहे.

शॉकअपचं काम काय?

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलतात कॉइल स्प्रिंग आणि पाटे. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि सुटली की उसळते. तिला कोणी आवरलं नाही, तर गाडी बराच वेळ झोके खात राहील. हे आवरायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीतलं तेल पिस्टनच्या बारीक वाटांतून जोरानं ढकललं जातं, आणि उसळीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच लांबच्या खराब रस्त्यानंतर शॉकअप चांगलाच तापलेला असतो.

यातून दोन गोष्टी कळतात. मागून बसलेली गाडी नवीन शॉकअपनं वर येणार नाही, त्यासाठी पाटे बघावे लागतील. आणि शॉकअप जितका जास्त तापेल तितकी त्याची पकड सैल पडते, कारण तेल पातळ होतं, कधी त्याला फेसही येतो.

खराब झालाय हे कसं ओळखायचं?

नळीवर तेल ओघळलं असेल तर शॉकअप गेला. नुसता धूळ चिकटलेला ओलसर थर असेल तर पुसून घ्या, आठवडाभरानं परत बघा. रॉडवर चरे, नळीला पोचा, फाटलेले बुश, टायरची उंचसखल झीज, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालणारी गाडी, या सगळ्या खुणाच आहेत. बंपर दाबून गाडी झुलवायची जुनी चाचणी कारला बरी. पिकअपचे पाटे मुळातच ताठ, त्यामुळे तिथं तिच्यावर विसंबू नका.

पैसे घालवायच्या आधी टायरची हवा, पाट्यांचे बुश, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि पुढचे बॉल जॉइंट तपासून घ्या. कित्येकदा खडखड यांचीच असते आणि बिल मात्र शॉकअपचं होतं.

पहिली पायरी: भार

गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासकट. पुढे लोखंडी बंपर, विंच आणि मागे कॅनोपी लावली असेल तर तेही वजन कायमचंच धरायचं.

व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींत पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे अखंड ॲक्सल आणि पाटे आहेत. मागच्या पाट्यांचे सेट रिकामी गाडी, मध्यम भार आणि कायमचा जड भार अशा प्रकारांत मिळतात. आधी पाटे भाराला जुळवायचे, मग त्या पाट्यांना जुळणारा शॉकअप घ्यायचा. महिन्यातून दोनदाच माल भरणाऱ्यानं जड भाराचा सेट टाकला, तर रिकामी गाडी मागून टणाटण उडते. घाटातल्या ओल्या वळणावर चाक असं क्षणभर जरी उचललं, तरी तेवढा वेळ त्या चाकाला ना पकड, ना ब्रेक. जास्त कडक म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही.

दुसरी पायरी: रस्ता

शॉकअपचे मुख्य प्रकार दोन. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतली नळी पिस्टनची असते आणि बाहेरच्या नळीत जादा तेल. तो स्वस्त असतो आणि चालायला मऊ. बाहेरून दगड लागून पोचा आला तरी पिस्टन सहसा अडकत नाही. पण उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

एकेरी नळीच्या प्रकारात पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो. एका टोकाला जास्त दाबाचा नायट्रोजन असतो आणि तो व तेल यांच्यामध्ये सरकता पिस्टन. त्यामुळे तेलाला फेस येत नाही, उष्णता लवकर बाहेर जाते. मात्र नळीला खोल पोचा आला की पिस्टन तिथंच अडकू शकतो. जांभ्या दगडातून गाडी काढणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

बाजारात ‘गॅस शॉकअप’ म्हणतात तो वेगळा प्रकार नाही. काम तेलच करतं, गॅस फक्त दाब ठेवतो. दुहेरी नळीतही कमी दाबाचा गॅस भरलेला असतो.

बाहेर वेगळी टाकी जोडलेल्या शॉकअपमध्ये तेल जास्त मावतं, म्हणून तो तापायला वेळ लागतो. तासन् तास वेगानं खराब वाटेवर पळणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग. आपल्याकडे घाटात आणि शिवारात वेग कमी असतो. तिथं ही टाकी बहुतेकांना नुसता जादा खर्च.

थोडक्यात, माल वाहणाऱ्या आणि अधूनमधून कच्च्यात जाणाऱ्या पिकअपला चांगला दुहेरी नळीचा गॅस शॉकअप पुरतो. भरलेल्या गाडीनं रोज घाट करणाऱ्याला किंवा खराब रस्त्यावर लांब पल्ला मारणाऱ्याला एकेरी नळीचा परवडतो.

तिसरी पायरी: माप

चुकीच्या लांबीचा शॉकअप कितीही भारी असला तरी टिकत नाही. दोन मापं घ्यावी लागतात. चाक पूर्ण वर गेलं की ॲक्सल आधी रबरी बफरला टेकला पाहिजे. शॉकअप त्याआधीच पूर्ण दबला, तर सगळा धक्का त्याच्या आत बसतो आणि वॉल्व्ह किंवा वरचा ब्रॅकेट मोडतो. चाक पूर्ण खाली लोंबलं की ब्रेकचा पाइप किंवा एबीएसची वायर ताणली जाता कामा नये. गाडी नेहमीच्या भारावर उभी असताना रॉड साधारण मध्यावर असावा.

पुढच्या बाजूला जास्त जपावं लागतं. तिथं गाडी फार उचलली किंवा लांब शॉकअप टाकला की पुढच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट तिरपे होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत माती जाते. साधारण ४० ते ५० मिलिमीटर उंची वाढवून थांबणं शहाणपणाचं.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीच्या दाखल्यातले तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच बाजू उचलून धरली. मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही साधी दुरुस्ती. गाडी उंच करणं हा प्रश्न वेगळा. केए-२२ पासिंगची गाडी महाराष्ट्रात किंवा गोव्यात गेली म्हणून कायदा बदलत नाही. उंची वाढवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारा. अपघातानंतर विमा अडला तर शॉकअपवर वाचवलेले पैसे कामाला येत नाहीत.

आता ब्रँड

रोजच्या गाडीला मूळ मापाचे शॉकअप आपल्याकडेच बनतात. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ पासून या धंद्यात आहे, चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. बाहेरच्या नावांत ऑस्ट्रेलियाची ओल्ड मॅन इमू, जर्मनीची बिलस्टीन, अमेरिकेची फॉक्स ही प्रसिद्ध. ओल्ड मॅन इमूचा नायट्रोचार्जर दुहेरी नळीचा, बिलस्टीन ५१०० एकेरी नळीचा आणि ४६ मिलिमीटर पिस्टनचा. नावापेक्षा दुकानदाराला चार गोष्टी विचारा: माझ्या गाडीच्या याच मॉडेलसाठी पार्ट नंबर कोणता? तो किती भाराच्या पाट्यांसाठी आहे? बुश सुटे मिळतात का? उघडून दुरुस्त होणारा असेल, तर ते काम बेळगाव, कोल्हापूर किंवा पणजीत कोण करतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर सीलबंद साधा शॉकअपच बरा.

बसवताना

पुढची आणि मागची जोडी कधीही एकेकटी बदलू नका, डावा-उजवा एकदमच. दुहेरी नळीचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ताणून मगच बसवावा, म्हणजे आतली हवा निघते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. चाकं जमिनीला टेकवून, वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. पुढच्या बाजूला शॉकअप कॉइल स्प्रिंगच्या आत असतो. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून स्प्रिंग दाबायचं हत्यार नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका. पुढचं काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्या, आणि ५०० ते १,००० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा परत बघा.

नवीन शॉकअप टाकल्यावर पहिली फेरी रिकामीच करा, आणि ओळखीच्या रस्त्यावर. मग अर्धा माल, मग पूर्ण. चोर्ल्याच्या उतारावर गाडी कशी वागते, हे भरलेल्या हौद्यासकट पहिल्यांदा तिथंच कळायला नको.