सोसलेले कुठे ठेवायचे?



१८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानडे यांना अक्षरओळखही नव्हती. पती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून टोमणे मारले. १९०१ मध्ये पती गेले. १९१० मध्ये रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. सुखाबरोबर ते टोमणेही त्यांनी लिहून ठेवले.

प्रतिक्रमणात आपण आपले दोष आठवून क्षमा मागतो. पण जे सोसले, ते कुठे ठेवायचे? रमाबाईंनी ते कागदावर ठेवले.

पावसाळ्यात आमची मांडवा–गेटवे लाँच बंद असते. चातुर्मासातल्या त्या निवांत दुपारी मी घरखर्चाच्या वहीचे मागचे पान उघडते. तुम्हीही चार ओळी लिहून पाहा. कोणाला दाखवायच्या नाहीत.